'बॉम्बे डक'ला तारीख विचारा : बोंबलाच्या नावाची उलटतपासणी

आपल्या शिरूर अनंतपाळपासून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब आहे, तरी बोंबील आपल्याला नवा नाही. आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी वाळक्या काड्यांसारखे पडलेले बोंबील आपण लहानपणापासून बघतो. तव्यावर भाजले की गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर कालवण असलं की दुसरं काही लागत नाही. मी समुद्र पाहिला त्याच्या कितीतरी वर्षं आधी बोंबील खाल्ला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असेल.

या माशाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. डक म्हणजे बदक. मग माशाला बदक का म्हटलं? याचं उत्तर तुम्ही कुठेतरी ऐकलंच असेल : इंग्रजांच्या काळात मुंबईहून टपालगाडीने, म्हणजे 'बॉम्बे डाक'ने, सुके बोंबील कलकत्त्याला जायचे. डब्यांना त्यांचा उग्र वास लागायचा. तसला वास आला की साहेब म्हणायचे, 'बॉम्बे डाक आली'. डाकचं पुढे झालं डक.

गोष्ट छान आहे. मीही ती कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये एका स्लाइडवर टाकली होती. माशांची बोलीतली नावं आणि शास्त्रीय नावं असा विषय होता, आणि सुरुवात जरा रंजक करावी असं वाटलं. स्लाइड संपली आणि मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "रेल्वे कधी सुरू झाली?" मी म्हणालो, "१८५३." ते म्हणाले, "आणि हा शब्द पहिल्यांदा कधी सापडतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "कारण आधी येतं आणि परिणाम नंतर, एवढं तरी बघून यायचं." पुढच्या चाळीस स्लाइडमध्ये माझी मेहनत होती, आकडे होते, पण त्या दिवशी कुणाला काही आठवत असेल तर ती पहिली स्लाइडच. म्हणून हा लेख. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्यावी.

पहिली पायरी : दाव्याचे तुकडे करा

एखादी व्युत्पत्ती समोर आली की ती सलग गोष्ट म्हणून ऐकू नका. तिच्यात किती दावे आहेत ते मोजा. 'बॉम्बे डाक'च्या गोष्टीत निदान तीन आहेत.

एक, हे नाव रेल्वे सुरू झाल्यानंतरचं आहे. दोन, इंग्रज 'डाक' हा शब्द 'डक' असा बोलत किंवा ऐकत होते. तीन, वास आणि टपालगाडी यांचा संबंध लोकांच्या मनात पक्का होता.

आता एकेक तपासू. यातला एक जरी पडला तरी गोष्ट डळमळते.

दुसरी पायरी : तारखा समोरासमोर ठेवा

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पण ती फक्त ठाण्यापर्यंत होती. मुंबई आणि कलकत्ता ही शहरं रेल्वेने सलग जोडली गेली ती जबलपूरमार्गे, १८७० मध्ये. म्हणजे कलकत्त्याला जाणाऱ्या टपालगाडीची गोष्ट खरी मानायची तर नाव १८७० नंतर रुळायला हवं. अगदी सूट द्यायची म्हटली तरी १८५३ च्या आधी ते दिसता कामा नये.

आणि ते दिसतं. १८२९ मध्ये 'सर टोबी रेंड्रॅग' या टोपणनावाने छापलेल्या कविता आणि हिंदुस्थानच्या आठवणींच्या पुस्तकात 'बॉम्बे डक' हे एका माशाचं टोपणनाव म्हणून येतं. भारतात आगगाडी धावायला तेव्हा अजून २४ वर्षं होती.

त्याहून जुना एक धागा आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तयार केलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेले शब्द त्यात आहेत. त्यात 'डक्स' अशी नोंद आहे. अर्थ काय, तर कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात नोकरी करणारे इंग्रज. मद्रासवाल्यांना 'मल्स', बंगालवाल्यांना 'क्वी-हाय' आणि मुंबईवाल्यांना 'डक्स', अशी ती एकमेकांना चिडवायची नावं होती. ('क्वी-हाय' म्हणजे 'कोई है?' नोकराला अशी हाक मारत बसणारे म्हणून.) या नोंदीखाली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८०३ सालच्या लिखाणातला दाखला दिला आहे. हाच एल्फिन्स्टन पुढे १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. १८०३ मध्ये तो वेगवेगळ्या सैन्यांच्या सुखसोयींची तुलना करताना मुंबईवाल्यांना सहज 'डक्स' म्हणून जातो. यूल आणि बर्नेल यांच्या मते माणसांचं हे टोपणनाव माशाच्या नावावरूनच आलं असावं.

इथे जरा थांबा. १८०३ चा दाखला माणसांबद्दल आहे, माशाबद्दल नाही. 'माशावरून माणसांना नाव पडलं' हा कोशकारांचा तर्क आहे. म्हणून लिहिताना १८२९ चा दाखला 'थेट पुरावा' आणि १८०३ चा 'अप्रत्यक्ष पुरावा' असं वेगळं लिहायचं. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की परीक्षक तिथेच बोट ठेवतो. पण आपल्या प्रश्नापुरता १८२९ चा एकटा दाखलाही पुरेसा आहे. रेल्वेची गोष्ट तारखेवरच पडते.

तिसरी पायरी : गोष्टीला वाचायची संधी द्या

माझ्या मित्राने इथे चांगला आक्षेप घेतला. तो म्हणाला, "डाक रेल्वेच्या आधीही होतीच की. हरकारे पायी टपाल नेत होते. मग 'बॉम्बे डाक' रेल्वेआधीची का नसावी?"

बरोबर आहे, डाक जुनीच आहे. पण मग गोष्टीचा दुसरा आणि तिसरा तुकडा तपासावा लागतो. हरकारा पत्रांची थैली घेऊन टप्प्याटप्प्याने धावायचा. तो माशांची पोती नेत नव्हता. वास लागायला मालाचा डबा पाहिजे आणि डबा आला की रेल्वे आली. म्हणजे गाडी काढून घेतली तर गोष्टीतला वासही जातो.

दुसरं, उच्चार. इंग्रजांनी 'डाक' हा शब्द भरपूर वापरला. 'डाक बंगला' तर आजही आपल्याकडे आहे. इंग्रजीत ते त्याचं स्पेलिंग डी-ए-डब्ल्यू-के किंवा डी-ए-के असं करत. म्हणजे स्वर लांबच ठेवत. हॉब्सन-जॉब्सनमध्येही त्याची स्वतंत्र नोंद आहे. जो शब्द साहेबाच्या तोंडी रोज होता, तो डाक बंगल्यात 'डाक' राहिला आणि एका माशापुरता तेवढा 'डक' झाला, हे पटवायला वेगळा पुरावा लागेल.

ही पायरी विसरू नका. एखादं गृहीतक पाडायचं असेल तर आधी त्याचं सगळ्यात भक्कम रूप स्वतः मांडायचं आणि मग ते तपासायचं. दुबळं रूप पाडण्यात मोठेपणा नाही.

मग डक आलं कुठून?

इथे एक नमुना उपयोगी पडतो. इंग्रजीत स्वस्त पदार्थाला थट्टेने महागड्या मांसाचं नाव द्यायची जुनी सवय आहे. 'वेल्श रॅबिट' हा पाव आणि चीजचा पदार्थ, त्यात ससा नसतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर खारवलेल्या कॉड माशाला 'केप कॉड टर्की' म्हणत. सुक्या बोंबलाला 'मुंबईचं बदक' म्हणणं या रांगेत अगदी बसतं. गरिबाच्या ताटातला वाळका मासा, त्याला मेजवानीतल्या पक्ष्याचं नाव.

मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण ते तारखेशी भांडत नाही आणि त्याच्यासारखी दुसरी उदाहरणं सापडतात. पण 'जास्त पटतं' आणि 'सिद्ध झालं' यात फरक आहे. प्रबंधात लिहायचं झालं तर मी लिहीन : 'रेल्वेची व्युत्पत्ती कालक्रमाने टिकत नाही, थट्टेच्या नावाचं स्पष्टीकरण अधिक संभाव्य.' त्यापुढे एक शब्दही नाही.

आपलं नाव किती जुनं?

डकच्या भानगडीत आपला 'बोंबील' मागे राहायला नको. उलट संशोधकासाठी तोच जास्त मोलाचा आहे.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य १६७३ च्या सुमारास मुंबईत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो माझगाव या मासेमारीच्या गावाबद्दल लिहितो आणि तिथल्या 'बंबेलो' नावाच्या माशाची खास नोंद करतो. हे गरिबांचं अन्न आहे, असंही सांगतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे एक परदेशी डॉक्टर माझगावच्या कोळीवाड्यात ऐकलेला शब्द आपल्या कानाला जसा लागला तसा लिहून ठेवतो. साडेतीनशे वर्षांनंतर आपण तो वाचतो आणि ओळखतो : हा तर आपला बोंबील! इंग्रजीत पुढे 'बमेलो', 'बमालो' अशी रूपं झाली. गुजरातीत 'बुमला' म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही 'बोंबील' आहे.

मूळ शब्द कशावरून आला? पुष्कळ जण सांगतात, बोंबीलवरून 'बोंब' आठवते, कारण माशाचा जबडा बोंब मारल्यासारखा उघडा असतो. गुजरातीतही ओरडण्याला 'बूम' आणि माशाला 'बुमला', त्यामुळे मोह आणखी वाढतो. पण थांबा. आत्ताच एका गोड गोष्टीने आपल्याला फसवलं आहे. दोन शेजारच्या भाषांमध्ये सारखी जोडी दिसणं हा शोध सुरू करायला चांगला दुवा आहे, शोध संपवायला नाही. यूल आणि बर्नेल हे दोघे शब्दांमागे आयुष्यभर लागलेले. त्यांनी १८८६ मध्ये 'बमेलो' आणि 'बॉम्बे डक' या दोन्ही नावांचं मूळ अस्पष्ट असल्याचं सरळ छापून टाकलं. एवढ्या जाड कोशात 'अस्पष्ट' असं लिहायला धाडस लागतं. आपल्याला सिनॉप्सिसच्या २० पानांत ते जमत नाही.

सारख्या आवाजाचं एक आपल्या तालुक्याजवळचं उदाहरण देतो. वसई-वर्सोव्याकडे बोंबील वाळवायला बांबू रोवून दोऱ्या बांधतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकतात. बोंबलाच्या अंगात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे तो वारा-उन्हात असा टांगूनच नीट वाळतो. या बांबूच्या मांडवाला तिकडे 'वलांडी' म्हणतात. आता शेजारच्या देवणी तालुक्यातलं वलांडी गाव आठवा. झाली की नाही गोष्ट तयार? पूर्वी इथे कोकणातून सुक्या मासळीचे तांडे यायचे, बाजारात वलांड्या लागायच्या, म्हणून गावाचं नाव वलांडी! ऐकायला खरी वाटते ना? ही मी आत्ता, हा परिच्छेद लिहिताना रचली. तिच्यामागे एकही कागद नाही, एकही दाखला नाही. लोकव्युत्पत्ती किती सहज जन्मते ते दाखवायला तेवढी रचली. कृपया पुढे पाठवू नका.

शास्त्रीय नावातला बंगाली शब्द

आता विज्ञानवाल्यांसाठी. बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस (हॅमिल्टन, १८२२). या एका ओळीत चार गोष्टी दडल्या आहेत.

'हार्पाडॉन' ही प्रजाती फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेस्यूर याने १८२५ मध्ये स्थापली. ग्रीक भाषेत 'हार्पे' म्हणजे विळा आणि 'ओडॉन' म्हणजे दात. बोंबलाचं अंग मऊ, पण दात आकड्यासारखे वाकलेले. ताजा बोंबील साफ करणाऱ्याला हे नाव लगेच पटेल.

'नेहेरियस' हे लॅटिन वाटतं, पण मूळ बंगाली आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन (आधीचं आडनाव बुकॅनन) याने बंगालमध्ये राहून माशांचा अभ्यास केला आणि १८२२ मध्ये गंगा नदीतल्या माशांवरचा ग्रंथ छापला. तिथे त्याने स्थानिक 'नेहरे' या नावावरून हे जातिनाम घेतलं. त्याची ही पद्धतच होती. आपल्या घरणी धरणापासून गावतळ्यांपर्यंत जे मासे आपण ओळखतो त्यांची नावं बघा : रोहूचं 'रोहिता', कटल्याचं 'कटला', मृगळाचं 'मृगला'. हिल्सा माशाचं 'इलिशा'सुद्धा त्याच ग्रंथातलं. एवढंच कशाला, आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा झेब्राफिश, म्हणजे डॅनियो रेरिओ, याचं पहिलं वर्णनही याच पुस्तकात आहे. मासेमारांनी दिलेली नावं लॅटिन शेपूट लावून विज्ञानात कायमची बसली.

तिसरी गोष्ट कंस. हॅमिल्टनचं नाव कंसात का? कारण त्याने हा मासा 'ऑस्मेरस' या वेगळ्या प्रजातीत टाकला होता. नंतर प्रजाती बदलली, म्हणून मूळ वर्णनकर्त्याचं नाव आणि साल कंसात जातं. प्रजाती बदलली नसती तर कंस आला नसता. नेट-सेटला हे विचारतात आणि प्रबंधात निम्मे लोक हे कंस अंदाजाने टाकतात. अंदाजाने टाकू नका, कंसालाही अर्थ आहे.

चौथी गोष्ट एका अक्षराची. लेस्यूरने 'हार्पाडॉन' लिहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक अभ्यासकांना ग्रीक व्याकरणाप्रमाणे 'हार्पोडॉन' योग्य वाटलं आणि त्यांनी तसं छापलं. हॉब्सन-जॉब्सनमध्येही 'हार्पोडॉन'च आहे. नियमानुसार मूळ स्पेलिंग टिकलं. पण याचा परिणाम तुमच्यावर होतो : तुम्ही फक्त आजचं स्पेलिंग टाकून संदर्भ शोधले तर जुने निबंध गाळले जातात. दोन्ही स्पेलिंग, शिवाय 'बॉम्बे डक', 'बमालो', 'बोंबील' अशी सगळी नावं टाकून शोधा. साहित्याचा आढावा अपुरा राहिला असा शेरा अनेकदा एवढ्याशा गोष्टीने येतो.

एक मासा, दोन किनारे

शेवटी एक प्रश्न उरतो. व्यापारातलं नाव मुंबईचं आणि शास्त्रीय नाव बंगालचं, असं का? उत्तर नकाशात आहे. बोंबील भारताच्या सगळ्या किनाऱ्यांवर सारखा मिळत नाही. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याला तो मुबलक आहे. कोळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी रोवून तो धरतात. दक्षिणेकडे गेलं की तो कमी होतो आणि पुन्हा भरपूर दिसतो तो बंगालच्या बाजूला. जिथे मासा भरपूर, तिथे त्याला पक्कं नाव. फ्रायर एका टोकाला पोचला, हॅमिल्टन दुसऱ्या. एकाने बंबेलो ऐकलं, दुसऱ्याने नेहरे. नावांचा इतिहास आणि माशाचा अधिवास इथे एकमेकांना धरून आहेत. डाकगाडीच्या गोष्टीपेक्षा मला हे जास्त रंजक वाटतं, आणि यातला प्रत्येक दुवा तपासता येतो.

तुम्ही काय करायचं?

तुमच्या विषयातलं एखादं नाव घ्या. पीक, औषधी वनस्पती, किडा, खडक, काहीही. त्याची घरात सांगितली जाणारी गोष्ट लिहून काढा आणि तिचे दावे मोजा. मग मोल्सवर्थ आणि हॉब्सन-जॉब्सन उघडा. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यासाठी लातूर किंवा नांदेडला जायची गरज नाही. जुने प्राणिशास्त्रीय ग्रंथ 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'वर शोधा. कोशात दाखला सापडला तरी तिथे थांबू नका. कोशकाराने ज्या पुस्तकातून तो घेतला ते मूळ पुस्तक उघडून पान स्वतः बघा.

आणि बाजारातल्या सुकट विकणाऱ्या मावशींनाही विचारा. त्या माशाला काय म्हणतात, लहानाला वेगळं नाव आहे का, माल कुठून येतो, हे सगळं वहीत तारीख आणि गाव टाकून लिहा. फ्रायर आणि हॅमिल्टन यांनी दुसरं काय केलं होतं? ज्यांच्या हातात मासा होता त्यांना विचारलं आणि लिहून ठेवलं. ज्यांनी नावं सांगितली त्यांची स्वतःची नावं मात्र त्या पुस्तकांत आली नाहीत. तुम्ही लिहाल तेव्हा, त्यांची परवानगी घेऊन, तीही लिहा.

मी ती स्लाइड काढून टाकलेली नाही. आता तिच्यावर तीनच ओळी आहेत : १६७३, बंबेलो. १८२९, बॉम्बे डक. १८५३, पहिली गाडी. वर्गात दाखवली की कुणीतरी मागून विचारतंच, "सर, मग डाकची गोष्ट?" मी म्हणतो, तारखा वर आहेत, तुम्हीच सांगा.